गिझरची ज्योत आणि न्हाणीघरातली हवा

थंडी पडायला लागली, की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास येते. कुणी कॉलेजातली मुलगी, कुणी नवे लग्न झालेले जोडपे, कुणी परीक्षेला निघालेला मुलगा आंघोळीला जातो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. हाका मारून उत्तर येत नाही. दार तोडले जाते. आत गिझर चालू असतो, पाणी वाहत असते आणि माणूस खाली पडलेला असतो. थंडीच कशाला, मार्च २०२३ मध्ये धुळवड खेळून आलेल्या एका दाम्पत्याचा मुंबईत घाटकोपरच्या घरात असाच मृत्यू झाला आणि पहिला संशय गॅस गिझरवर घेतला गेला. त्याच होळीला उत्तर प्रदेशात गाझियाबाद जिल्ह्यातही तशीच घटना घडली. रंग काढायला वेळ लागतो, आंघोळ लांबते, एवढाच त्यातला होळीचा संबंध.

या बातम्यांचा मथळा बहुतेक वेळा 'गिझरमधील गॅसगळतीने मृत्यू' असा असतो. माझी तक्रार या 'गळती' शब्दापासून सुरू होते. कारण हा शब्द वाचला, की घरोघर माणसे एकच गोष्ट करतात. नळी हुंगून बघतात, साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतात आणि वास नाही, बुडबुडा नाही म्हणून निर्धास्त होतात. नळी तपासणे चांगलेच, ते जरूर करा. पण या मृत्यूंचा त्या नळीशी बहुधा काही संबंध नसतो. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळलेले असते. तो वास नाकाला लगेच कळतो. न्हाणीघरात मात्र गॅस गळालेला नसतो, तो जळालेला असतो. आणि पुरता जळालेला नसतो. जळताना त्याचा वासही जळून जातो. मागे जो वायू उरतो, त्याला ना वास, ना रंग, ना डोळ्यांची आग. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड.

आपल्या सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायू असतात. दोन्ही कार्बन आणि हायड्रोजनचे बनलेले. त्यांना हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळाला, तर हायड्रोजनचे पाणी होते आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. ऑक्सिजन अपुरा पडला, तर कार्बनच्या वाट्याला दोनऐवजी एकच अणू येतो आणि तयार होतो तो मोनॉक्साइड. रसायनशास्त्र एवढेच आहे, शाळेत दहावीपर्यंत सगळ्यांनी ते शिकलेले आहे. पण ऑक्सिजन 'भरपूर' म्हणजे किती, हे शाळेत कुणी सांगितलेले नसते.

त्याचा हिशेब मांडून बघू. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा, बाजारात सर्रास मिळणारा छोटा गिझर पूर्ण जोरात चालला, तर तासाला साधारण ९०० ग्रॅम गॅस जाळतो. ओट्यावरच्या शेगडीचे मोठे बर्नर पाच एकदम पेटवले, तर जेवढी आग होईल, तेवढी आग त्या भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यात पेटलेली असते. डबा लहान, देखणा आणि झाकलेला असल्यामुळे आपल्याला तसे वाटत नाही. स्वयंपाकघरात पाच बर्नर पेटवून दार-खिडकी लावून कुणी उभे राहील का? न्हाणीघरात आपण तेच करतो, आणि तेही स्वयंपाकघराच्या चौथाई जागेत.

आता ती जागा बघा. चार फूट बाय सहा फुटांचे न्हाणीघर, उंची आठ फूट. यात हवा मावते सुमारे साडेपाच घनमीटर. त्यातला ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे सव्वा घनमीटरच्याही आत. गिझर दर मिनिटाला सुमारे ४० लिटर ऑक्सिजन खातो. सगळी फट बंद आहे असे धरले, तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला चार मिनिटे पुरतात. चार मिनिटे! अजून डोक्याचा साबणही निघालेला नसतो.

१८ टक्के ऑक्सिजनमध्ये माणूस मरत नाही. उंच डोंगरावर गेल्यावर फुप्फुसांना ऑक्सिजन याहून कमीच मिळतो, तरी माणसे हिंडतात. पण ज्योतीला ते चालत नाही. माणसाच्या आधी ज्योत गुदमरते. तिला लागणारा ऑक्सिजन मिळत नाही, शिवाय तिनेच सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ पुन्हा तिच्याच तोंडात जाते. इथून पुढे मोनॉक्साइडचे प्रमाण हळूहळू नव्हे, झपाट्याने वाढते. पहिल्या तीन-चार मिनिटांत जे काहीच नव्हते, ते पुढच्या तीन-चार मिनिटांत प्राणघातक होऊ शकते. म्हणूनच 'रोज वापरतो, कधी काही झाले नाही' हा अनुभव इथे फार फसवा ठरतो.

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आमच्याच इमारतीतल्या एका गृहस्थांचे न्हाणीघर बघायला गेलो होतो. गिझर आत, शॉवरच्या शेजारी. वरच्या झरोक्याच्या काचेच्या पट्ट्यांवर डास येतात म्हणून प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला. मी कागद काढायला सांगितला, तर ते म्हणाले, "अहो, आठ वर्षं झाली याला. घरात पाच माणसं आहेत. काही व्हायचं असतं तर आत्तापर्यंत झालं नसतं का?" त्यांचा मुद्दा वरवर बिनतोड आहे. त्याचे उत्तर त्यांच्या दारातच होते. दार पावसाच्या ओलाव्याने खालून कुजले होते आणि तिथे चांगली दोन बोटे फट पडली होती. आठ वर्षे ते घर त्या फटीवर जगले होते. आणि त्याच आठवड्यात ते दार बदलायचे ठरले होते. नवे दार फायबरचे, चौकटीत घट्ट बसणारे.

असेच होते. एखादी फट बुजते. थंडी आहे म्हणून झरोका लावला जातो. पाहुणे येतात आणि एकामागून एक चार आंघोळी होतात. दिवाळीतले अभ्यंगस्नान, लग्नघरातली सकाळ. पहिल्याची आंघोळ सुखरूप होते, चौथ्याला मात्र पहिल्या तिघांनी वापरलेली हवा मिळते. गिझर तोच, माणसे तीच, सवयही तीच असते. बदलते ती फक्त हवा, आणि ती दिसत नाही.

आता हा वायू शरीरात काय करतो ते सांगतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलते आणि अंगभर पोचवते. मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला चिकटतो आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या सुमारे २०० ते २५० पट घट्ट असते. बस भरलेली दिसावी आणि एकाही प्रवाशाने आपल्या थांब्यावर उतरू नये, तशी स्थिती होते. हवेत या वायूचे प्रमाण दहा लाख भागांत २०० असेल, तर दोन-तीन तासांत डोके दुखते. १,६०० असेल, तर वीस मिनिटांत डोकेदुखी, मळमळ आणि तासाभरात मृत्यू येऊ शकतो. ६,४०० ला एक-दोन मिनिटांत चक्कर येते आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळे संपते. ६,४०० हा आकडा मोठा वाटतो, पण शेकडेवारीत तो एक टक्कासुद्धा नाही, पाऊण टक्क्याच्याही आत आहे.

स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले होते. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला, की मजूर स्फोटाने मरतात अशी समजूत होती. हॉल्डेन यांनी दाखवले, की बरेचसे मजूर स्फोटानंतर मागे राहिलेल्या या वायूने मरतात. खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची सूचना त्यांचीच. लहान जीव भराभर श्वास घेतो, म्हणून तो माणसाच्या आधी कोसळतो आणि माणसाला पळायला अवधी मिळतो. ब्रिटनच्या खाणींत हे पक्षी १९८६ पर्यंत होते. आपल्या न्हाणीघरात तसा कुणी सोबती नसतो. उलट सगळी परिस्थिती विरुद्ध असते. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल पडलेल्या, माणूस उभा, दाराला आतून कडी, पाण्याचा आवाज. हातापायांतली शक्ती जाते आणि मन गोंधळते ते जवळजवळ एकाच वेळी. काहीतरी बिघडले आहे हे कळले, तरी कडीपर्यंत हात पोचत नाही. घरातल्यांना वाटते, आंघोळ चालली आहे.

आपल्याकडे पाणी तापवणे पूर्वीही आगीवरच होत असे. तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत गोवऱ्या, लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या. तो बंब घराच्या आत कुणी ठेवत नसे. त्याची जागा परसात, मागच्या पडवीत किंवा न्हाणीच्या बाहेरच्या अंगाला. धुरामुळे डोळे चुरचुरत, ठसका लागे, भिंती काळ्या होत. हा त्रास हीच त्याची सुरक्षितता होती. धूर माणसाला बाहेर हाकलत असे, म्हणून बंब बाहेर गेला. घरावर कौले होती, त्यांच्या फटींतून हवा येत-जात होती. गॅसच्या निळ्या ज्योतीने धूर काढून टाकला आणि तिच्याबरोबर ती जुनी शिस्तही गेली. बंबाला जी समज लागत होती, ती या डब्याला लागत नाही असे आपण धरून चाललो.

तरी जुन्या काळाचे गोडवे गायला नकोत. बाळंतिणीच्या खोलीत खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून, वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून शेक देण्याची पद्धत आपल्या कितीतरी घरांत होती आणि अजून काही ठिकाणी आहे. धुमसणारा कोळसा धूर करत नाही, मोनॉक्साइड मात्र भरपूर करतो. 'शेकाने ग्लानी आली', 'डोके जड झाले' असे म्हटले जाई, त्यातला काही भाग तरी या वायूचा असणार असे मला वाटते. गर्भवतीला आणि पोटातल्या बाळाला त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी आहे, विजेची आहे. निखारे बंद खोलीत नकोत.

थंड हवेच्या ठिकाणी फिरायला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन या ठिकाणी एका हॉटेलात केरळचे आठ पर्यटक एका खोलीत झोपले होते. त्यांत लहान मुलेही होती. खोलीत गॅसचा हीटर, दारे-खिडक्या बंद. आठही जण गेले. मनाली, काश्मीरला आपली मंडळी मोठ्या संख्येने जातात. खोलीत गॅसचा हीटर किंवा कोळशाची शेगडी दिली, तर झोपण्यापूर्वी ती बंद करून बाहेर ठेवा आणि जास्तीची रजई मागून घ्या.

आता मुख्य प्रश्न, हवा द्यायची म्हणजे काय करायचे. इथे दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. एक म्हणजे 'झरोका आहे ना, मग झाले'. दुसरी म्हणजे 'एक्झॉस्ट फॅन आहे ना, मग झाले'.

झरोक्याचा हिशेब आधी करू. न्हाणीघरातला ऑक्सिजन एका टक्क्यापेक्षा जास्त खाली जाऊ नये, एवढीच माफक अपेक्षा ठेवली, तरी तासाला सुमारे २५० घनमीटर ताजी हवा आत यायला हवी. म्हणजे त्या छोट्या खोलीतली सगळी हवा तासाला जवळपास ४५ वेळा बदलायला हवी. बाहेर वारा पडलेला आहे, झरोका इमारतीच्या आतल्या बोळकांडीत उघडतो आहे, दार लावलेले आहे. अशा वेळी एका भोकातून एवढी हवा कशी यावी? बाटली उलटी केली तर पाणी गडगडत, अडखळत पडते, कारण एकाच तोंडातून पाण्याला बाहेर आणि हवेला आत जायचे असते. खोलीचेही तसेच आहे. हवेला शिरायला एक वाट आणि निघायला दुसरी वाट लागते. शिरायची वाट खाली, दाराच्या तळाशी जाळी किंवा फट. निघायची वाट वर, छताजवळ. गरम हवा वर जाते आणि खालून थंड हवा ओढून घेते. चुकून गॅस गळालाच, तर एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत पसरतो. त्यालाही खालची फट उपयोगी पडते. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हलका असतो, तो वर जातो. मात्र तेवढेच पाणी तापवायला हवा जवळजवळ तेवढीच लागते, त्यात सवलत नाही.

एक्झॉस्ट फॅनचेही तेच. तो हवा बाहेर फेकतो, पण आत यायला वाट नसेल तर तो नुसता गरगरतो. ज्या गिझरला धूर बाहेर नेणारी नळी जोडलेली आहे, तिथे तर तो उलटा त्रास देऊ शकतो. खोलीत हवा कमी पडली, की त्या नळीतला धूरच तो परत आत ओढून घेतो. शिवाय फॅनचे बटण माणसाला लावावे लागते. पहाटे साडेपाचला, झोपेत, आवाजाने घरातले उठतील म्हणून ते न लावणारी माणसे मला माहीत आहेत. ज्यावर जीव अवलंबून आहे, ती गोष्ट कुणाच्या आठवणीवर ठेवू नये.

या सगळ्या हिशेबाचा मला दिसणारा अर्थ साधा आहे. न्हाणीघर हे या आगीचे ठिकाणच नव्हे. त्यात झरोके पाडत बसण्यापेक्षा आग बाहेर न्यावी. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार खोलीतली हवा वापरणारा गॅस गिझर न्हाणीघरात बसवताच येत नाही. तिथे चालतो तो फक्त बंदिस्त प्रकारचा, जो ज्वलनाची हवा नळीने बाहेरून घेतो आणि धूर नळीने बाहेर सोडतो, खोलीशी त्याचा संबंधच नसतो. आपल्याकडे सर्रास मिळणारे स्वस्त गिझर तसे नसतात. वरच्या खाचांतून ते धूर सरळ खोलीत सोडतात. तेव्हा गिझर मागच्या बाल्कनीत किंवा न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला, मोकळ्या हवेत लावावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी.

यावर प्लंबर हटकून सांगतो, "काका, लांब पडलं तर गरम पाणी यायला फार वेळ लागतो. पाणी वाया जातं." त्याचाही हिशेब करून टाकू. अर्धा इंची नळी, २० फूट लांब. त्यात पाणी मावते पाऊण लिटर. मिनिटाला ६ लिटरच्या वेगाने ते निघून जायला आठ सेकंद लागतात, नळी तापेपर्यंत आणखी थोडी. एवढ्यासाठी आग माणसाच्या शेजारी ठेवायची का, ते ज्याचे त्याने ठरवावे. एक तांब्याभर गार पाणी झाडांना घालता येते.

बाल्कनीबद्दल मात्र सावध राहा. पुण्या-मुंबईकडच्या फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनी पुढे सरकत्या काचा लावून बंद केली जाते आणि तिची खोली होते. मग गिझर पुन्हा बंद खोलीतच आला. तिथे काचेचा काही भाग कायमचा उघडा किंवा जाळीचा ठेवायला हवा, तोही वर आणि खाली. आणि ज्या अरुंद बोळकांडीत सगळ्या मजल्यांची न्हाणीघरे उघडतात, तिथे गिझर लावला तर तुमचा धूर वरच्या मजल्याच्या झरोक्यातून आत जाऊ शकतो. हे शेजाऱ्यांशी बोलून ठरवण्याचे काम आहे. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास जातात, त्यातली दहा मिनिटे याला मिळावीत.

'पण आमच्या गिझरला सेफ्टी आहे' असेही सांगितले जाते. आहे, पण ती कशासाठी ते बघा. ज्योत विझली तर गॅस बंद करणारी झडप असते. ती गळतीपासून वाचवते. ज्योत नीट पेटलेली आहे आणि मोनॉक्साइड सोडते आहे, हे तिला कळत नाही. काही गिझर २० मिनिटांनी आपोआप बंद होतात. मघाशी आपण चार मिनिटांचा हिशेब केला, त्यापुढे २० मिनिटे म्हणजे फार झाली. ऑक्सिजन घटला की ज्योत विझवणारे साधनही काही उपकरणांत असते, ते खरे उपयोगाचे. एलपीजीवर चालणाऱ्या छोट्या गिझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे. घेताना आयएसआय चिन्ह जरूर पाहा. पण चिन्ह उपकरणाची हमी देते, तुमच्या न्हाणीघराची नव्हे.

उपकरणाची देखभाल हा वेगळा विषय आहे, थोडक्यात सांगतो. बर्नरच्या भोकांत धूळ, कोळिष्टके बसली किंवा वरच्या पत्र्यांत काजळी साठली, की हवा भरपूर असूनही ज्वलन अर्धवट राहते. ज्योत पिवळी, लवलवती दिसू लागली, डब्यावर काळे डाग पडले, तर गिझर वापरणे थांबवून माहीतगार माणसाकडून साफ करून घ्या. निळी ज्योत दिसली म्हणून मात्र हवेची काळजी सोडू नका. सिलिंडरचा गिझर पाइपच्या गॅसला किंवा पाइपचा सिलिंडरला स्वतःच्या हिमतीने जोडू नये, दोघांचे नोझल वेगळे असतात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची अडचण निराळी आहे. गिझर घरमालकाचा, न्हाणीघरातच लावलेला, आणि मालक हलवायला तयार नाही. शिकायला आलेली मुले तीन-चार जण मिळून असे घर घेतात, तेव्हा सकाळी आंघोळींची रांग लागते. गिझर हलत नाही तोवर एक पद्धत आहे, आणि ती आपल्या जुन्या बादलीच्या आंघोळीची आहे. दार सताड उघडे ठेवून बादली भरून घ्या. १८ लिटरच्या बादलीला तीन मिनिटे लागतात. भरल्यावर गिझर बंद करा, हवा जरा खेळू द्या आणि मग दार लावून आंघोळ करा. दार बंद असताना ज्योत पेटलेली नको, हे एवढे एक बंधन. माझ्या मते या अपघातांमागे गिझरइतकाच शॉवरचाही हात आहे. बादली भरली की गिझर बंद व्हायचा. शॉवरने आंघोळ आणि आग एकाच वेळी चालू ठेवली. घरमालकालाही ही गोष्ट लेखी कळवा. तोंडी सांगितलेले विसरले जाते.

मोनॉक्साइडचा इशारा देणारे छोटे यंत्र आता बाजारात मिळते, बॅटरीवर चालते. ते वाफेने भरणाऱ्या न्हाणीघरात न लावता दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये लावावे. घेताना नीट पाहा. एलपीजीची गळती ओळखणारे यंत्र वेगळे आणि हे वेगळे. पहिल्याला मोनॉक्साइड कळत नाही. आणि असे यंत्र लावले म्हणून गिझर आत ठेवायला मोकळीक मिळाली, असे होत नाही.

एवढे करूनही प्रसंग आलाच तर काय करायचे? आंघोळीला गेलेल्याने हाकेला ओ दिली नाही, तर वाट पाहू नका. दार उघडा किंवा तोडा. आत उभे राहून हलवत, पाणी शिंपडत बसू नका, तुम्हीही त्याच हवेत आहात. श्वास रोखून आत जा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. दुसऱ्या कुणाला सिलिंडर बंद करायला आणि खिडक्या उघडायला सांगा. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि ज्याला छाती दाबण्याचे शिक्षण मिळाले आहे, त्याने ते लगेच सुरू करावे. माणूस पाच मिनिटांत शुद्धीवर येऊन 'मी बरा आहे' म्हणाला, तरी रुग्णालयात न्या. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर तेच काम सुमारे ८० मिनिटांत होते.

आणि डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगा, की गॅस गिझर चालू होता. करोनाच्या काळात घरोघर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. या विषबाधेत त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेले वाटते, आणि मरणाच्या दारातल्या माणसाच्या बोटावर ते ९८ दाखवू शकते. खरे प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीतच कळते. न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्या काही रुग्णांना फिट आली असे समजून अपस्माराची औषधे सुरू झाली, असे आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत लिहिले आहे. त्यांनी त्याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असे नावही दिले. कुणीतरी गिझरबद्दल विचारले, तेव्हा निदान बदलले. वाचलेल्या माणसात काही वेळा दोन-चार दिवसांनी, काही वेळा महिनाभराने विसरभोळेपणा, चालण्यात फरक, स्वभावात बदल दिसू लागतो. तोवर घरचे ती सकाळ विसरलेले असतात. तेव्हा पुन्हा डॉक्टरांकडे जा, आणि गिझरची गोष्ट त्यांना पुन्हा सांगा.